डबल क्लच आणि एक बटण

जालन्यात जुन्या ट्रकवर हात बसलेल्या ड्रायव्हरला 'डबल क्लच' समजावून सांगावा लागत नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. चुकलं की गिअरबॉक्स ओरडतो. हे कष्ट सिंक्रोमेशने वाचवले. कॅडिलॅकने तो १९२८ साली आणला.

पण सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतलाच वेग जुळवतो. इंजिनाचा वेग जुळवणं पायाकडेच राहिलं. कन्नडच्या घाटात, ओल्या उतारावर, खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घसरू शकते. म्हणून ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या कडेने रेस द्यायची. याला 'हील अँड टो' म्हणतात. २००९ च्या निसान ३७०झेडमध्ये ही रेस संगणक देऊ लागला.

शौकीन मंडळी याला फसवणूक म्हणतात. ते काही पटत नाही. सिंक्रोमेश चालतो, मग संगणकानेच काय घोडं मारलंय?

माझा आक्षेप वेगळा आहे. ही मदत चूक आधीच झाकते, त्यामुळे चूक कानाला कळतच नाही. असा चालक उद्या साध्या गाडीत बसला, की घाटात त्याचा पाय कोरा असतो. ३७०झेडमध्ये गिअरच्या दांड्याजवळ ही सोय बंद करायचं बटण आहे. त्या गाडीतली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट तीच. मदत जरूर घ्यावी, पण ती बंद करून शिकताही आलं पाहिजे.