मानेचे सात मणके

उत्क्रांतितत्त्वावर मराठींत जें लिखाण होतें, त्यांतील बहुतेकांचा सांचा एकच असतो. जिराफाची मान लांब कां? तर उंच झाडाचा पाला मिळावा म्हणून. सरड्याचा रंग मातीसारखा कां? तर घारीला तो दिसूं नये म्हणून. प्रत्येक अवयवाला एक हेतु चिकटविला कीं लेखक कृतकृत्य होतो आणि वाचकही समाधान पावतो. या सुलभ समाधानावर स्टीफन जे गूल्ड व रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं एक निबंध लिहून प्रहार केला. तो आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच पाहण्यांत आला असेल. म्हणून त्याचा परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

निबंधाचा आरंभ व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिरापासून होतो. कमानींवर घुमट चढविला कीं दोन कमानींच्या मध्यें त्रिकोणी जागा आपोआप उरते. तेथें जडविलेलीं चित्रें इतकीं चपखल बसतात कीं, जागा चित्रांसाठींच केली असा भास व्हावा. वस्तुतः ती बांधणीची अपरिहार्य निष्पत्ति होय. निबंधकार म्हणतात, शरीराचेंही असेंच आहे. त्याचा प्रत्येक भाग उपयुक्ततेनें निवडलेला नसतो. गर्भांत देह ज्या रीतीनें घडतो, ती रीतच काय होऊं शकेल व काय नाहीं हें पुष्कळ अंशीं ठरविते.

या मताची परीक्षा करण्यास व्हेनिसला जावयास नको. दौंड तालुक्यांतील कुरकुंभचा माळ पुरे आहे. तेथें चरणारी मेंढी, कळपाचा कुत्रा, बिळांतील उंदीर आणि काठी टेकून उभा असलेला धनगर, या सर्वांच्या मानेंत मणके सातच. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यांतील चिंकाऱ्याचे सात, जिराफाचे सात, आणि ज्याला मान अशी दिसतच नाहीं त्या देवमाशाचेही सातच. उलट, याच टापूंत भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर जे रोहित पक्षी उतरतात, त्यांच्या मानेंत अठरा-एकोणीस मणके असतात. मान लांबवावयाची तर मणके वाढविणें हा उघड मार्ग होता, व पक्ष्यांनीं तो घेतला. जिराफानें मात्र सातांतील एकेक मणकाच लांबविला. लांब मानेचा उपयोग कितीही सांगितला, तरी हा सातांचा हट्ट त्यानें उलगडत नाहीं.

येथपर्यंत निबंधकारांचा पक्ष बळकट आहे. परंतु दोन ठिकाणीं तो आम्हांस लंगडा वाटतो. पहिला दोष दृष्टान्ताचा. विजापूरचा गोल घुमट आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. तेथें एकमेकींस छेदणाऱ्या कमानींतून निघालेले त्रिकोणी भाग नुसती उरलेली जागा नव्हेत. घुमटाच्या रेट्यानें भिंती बाहेर ढकलल्या जाऊं नयेत म्हणून ते आपल्या वजनानें राबत असतात. शिवाय चौकोनावर घुमट चढविण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत. कारागिराला निवड होती. डॅनियल डेनेट या तत्त्वज्ञानें १९९५ सालीं असाच आक्षेप घेतला आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो 'बंधन' या शब्दांत दडलेला आहे. जॉन मेनर्ड स्मिथ व त्यांचे आठ सहकारी यांनीं १९८५ सालीं त्याची व्याख्या केली, ती अशी कीं, गर्भवाढीच्या स्वरूपामुळें कांहीं भेद उत्पन्नच न होणें किंवा एकाच बाजूस झुकून उत्पन्न होणें म्हणजे बंधन. पण नेदरलँड्समधील फ्रीटसन गॅलिस यांचें १९९९ व २००६ सालचें संशोधन निराळें सांगतें. माणसांतही कधीं कधीं मानेच्या सातव्या मणक्याला बरगडी फुटते. म्हणजे भेद उत्पन्न होतो. मात्र तो मृतजात अर्भकांत जितका आढळतो, त्या मानानें जगलेल्या माणसांत फारच विरळा. मणक्याची ओळख ठरविणारे जनुक गर्भाच्या इतर घडणींतही गुंतलेले असल्यामुळें एक मणका हलला कीं दुसरीकडे व्यंग उमटतें, असें गॅलिस यांचें अनुमान आहे. तें खरें असेल, तर सातांचें बंधन म्हणजे निवडीचा अभाव नव्हे, तर जन्मापूर्वींच चाललेली अतिशय कठोर निवड होय. निबंधकारांनीं ज्या दोन शक्ति प्रतिपक्षी म्हणून उभ्या केल्या, त्या येथें एकाच जुवाला जुंपलेल्या दिसतात. नियमाला स्लॉथ आणि मॅनाटी हे अपवाद आहेत. तेव्हां बंधन म्हणजे विधिलिखितही नव्हे.

असें असूनही या निबंधाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. 'हें कशासाठीं?' असें विचारण्यापूर्वीं 'हें निराळें होऊं शकलें असतें काय?' असें विचारावें, ही शिस्त त्यानें लावून दिली. तिची गरज केवळ प्राणिशास्त्राला नाहीं. मृत अर्भक जन्मलें कीं आपल्या घरांत आजही आईनें ग्रहणांत काय चिरलें, कोणतें पथ्य मोडलें, याची चौकशी सुरू होते. मानेच्या मणक्यांची रूपरेषा गर्भाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच आंखली जाते; ग्रहणाच्या सुरीला तेथें वाव नाहीं. प्रत्येक अवयवाला हेतु चिकटविणारी आणि प्रत्येक दुःखाला दोषी शोधणारी खोड मुळांत एकच आहे. ती सुटावी म्हणून तरी हा निबंध, त्याच्या दोषांसह, सुशिक्षित कुटुंबांनीं वाचावा.