घोडे आले, तलवारी आल्या, पटकथा कुठाय?

पानशेतच्या पाण्याकाठी पावसाळ्यात भाताच्या जोडीनं आता आणखी एक पीक निघतं, पटकथालेखनाच्या निवासी शिबिरांचं. शनिवार-रविवार, चहा-नाश्त्यासकट, निघताना प्रमाणपत्र. शिकवायला सिड फील्डचे तीन अंक, ब्लेक स्नायडरचे पंधरा टप्पे आणि ‘पहिल्या दहा पानांत प्रेक्षकाला धरा’ हा मंत्र. फील्डचं पुस्तक १९७९चं, स्नायडरचं २००५चं. हॉलिवूडमधल्या घाईतल्या माणसांना संहिता विकायची तर दोन्ही उपयोगी पडतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातून निपजणाऱ्या मराठी संहितांबद्दल. बाराव्या पानावर बाप मरतो, पंचविसाव्या पानावर नायक गाव सोडतो, मध्यंतराला बदला ठरतो. बाप कोण होता, त्याचं देणं किती होतं, तो मेल्यावर सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं चढली, याचा पत्ता नाही.

आणि हे शिकवायचं कुठं, तर ज्या खोऱ्यांतून मराठी चित्रपट गेली आठ-दहा वर्षं कच्चा माल उचलतोय तिथंच. ‘फर्जंद’ २०१८चा, ‘फत्तेशिकस्त’ त्याच्या पुढच्या वर्षीचा, मग २०२२ या एकाच वर्षात ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सरसेनापती हंबीरराव’ आणि ‘हर हर महादेव’, पुढं ‘सुभेदार’. यादी वाचकाला पाठ आहे, पुढं वाढवत नाही. राजगड आणि तोरणा वेल्ह्यात, रोहिडा आणि रायरेश्वर भोरमध्ये. कान्होजी जेधे कारीचे, बांदल हिरडस मावळाचे, बाजीप्रभू बांदलांच्या पदरचे. भोरच्या राजवाड्यात कॅमेरे लागतात, गर्दीसाठी आसपासची पोरं भगवे फेटे बांधून उभी राहतात. वाडा इथला, डोंगर इथला, गर्दी इथली. संहिता मात्र आधीच पुण्या-मुंबईत बांधून झालेली असते.

या चित्रपटांच्या इतिहासाबद्दल पुष्कळ भांडणं झाली. ‘हर हर महादेव’वरून तर नोव्हेंबर २०२२मध्ये राजकारणच पेटलं आणि मावळातल्या घराण्यांच्या वंशजांनीही हरकती घेतल्या. पटकथेबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. मला खटकतं ते तिथं. या चित्रपटांत पात्र संथगतीत दारातून आत येतं आणि थेट प्रेक्षकांशी बोलायला लागतं. समोर उभ्या असलेल्या माणसाकडून त्याला काही हवंय, आणि ते मिळालं नाही तर आपली अडचण होणार आहे, असं एकदाही वाटत नाही. प्रत्येक सीन म्हणजे आगमन आणि प्रत्येक संवाद म्हणजे घोषणा. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांवर भाबडेपणाचा शिक्का मारणं सोपं आहे, पण त्यांच्या मावळ्याला निदान घर होतं, घरात भांडणारी माणसं होती.

आता तीन अंकवाल्यांनी वाटल्यास मोजून पाहावा असा ऐवज. साल १६५९. अफझलखान येतोय. मावळातल्या देशमुखांना आदिलशहाचं फर्मान गेलंय, खानाला मिळा नाही तर परिणाम भोगा. रोहिडखोऱ्यात देशमुखीवरून एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन घरं, कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. खंडोजी खोपडे खानाकडे जातो. कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन शिवाजीराजांपुढे उभे राहतात आणि वतनावर पाणी सोडतात. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. हा सीन कुठंही टाळ्या घेतो. पटकथा खरी सुरू होते ती प्रतापगडानंतर. खान मेला, खोपडे हरलेल्या बाजूला उरला. त्याचे नातलग हैबतराव शिळीमकर, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजण मावळचे देशमुख. नात्यातला माणूस फितूर, त्याचा जीव पणाला. ते कान्होजींना गळ घालतात, राजांकडे शब्द टाका. म्हणजे ज्यानं वतन लाथाडलं त्यानं, वतनासाठी शत्रूला मिळालेल्या आपल्याच वैऱ्याचा जीव मागायचा. कान्होजी मागतात. राजे शब्द देतात, जीव घेणार नाही. आणि खंडोजी समोर आल्यावर त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडायला लावतात. शब्द पाळला गेला, शिक्षाही झाली, आणि मध्यस्थी करणारा कान्होजी दुखावला गेला.

चार माणसं, चौघांचंही आपापल्या जागी बरोबर. खलनायक तंबूसकट आधीच आटोपलेला. हैबतरावांना नात्यासाठी हवंय, कान्होजींना शेजारधर्म सांभाळायचाय, राजांना उद्याच्या फितुराला धाक घालायचाय आणि जुन्या साथीदाराला गमावायचंही नाही. याला जोडूनच पावनखिंडीनंतरचा प्रसंग घ्या. दरबारातलं पहिलं मानाचं पान जेध्यांकडं होतं. बांदलांची माणसं खिंडीत पडली आणि तो मान बांदलांना गेला. जेधे-बांदलांचं वैर जुनं. घरी परतल्यावर कान्होजींच्या पाच मुलांनी बापाला काय विचारलं असेल? ते लिहायला एक घोडासुद्धा भाड्यानं आणावा लागत नाही.

माणसाला दुसऱ्या माणसाकडून काय हवंय, त्यासाठी तो काय सोडायला तयार आहे, आणि सोडल्यावर त्याचं घर कसं चालतं: मराठी पटकथा जेव्हा जेव्हा वर आली ती या व्यवहाराच्या जोरावर. ‘सामना’त तेंडुलकरांनी केलं काय? हिंदुराव नावाच्या एका साखरसम्राटानं रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला घरी आणलं, आणि त्या मास्तरानं मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं एवढंच विचारत राहायचं ठरवलं. हिंदुरावाला मास्तर हाकलून देता येत नाही, कारण त्याला स्वतःलाच कुणीतरी ऐकणारं हवंय. सगळा चित्रपट त्या गरजेवर उभा आहे. हेच तेंडुलकर पुढं ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार घेतात आणि श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेतून ‘अर्धसत्य’ उभा करतात. एवढं काम समोर असताना मराठी पोरानं पटकथा शिकायला लॉस एंजेलिसचं तिकीट काढायचं कारण काय, हे मला शिबिरवाल्यांनी समजावून सांगावं.

‘फँड्री’तला डुकराचा सीन आठवा. कचरू आणि घरची माणसं डुकरामागं धावतायत, डुक्कर हाताशी आलंय, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निसटतं. त्याला राष्ट्रगीताशी देणंघेणं नाही. नागराज मंजुळेंनी इथं एक वाक्यही लिहिलेलं नाही. माणसांच्या अंगवळणी पडलेला नियम आणि त्यांच्या पोटाची गरज एकाच क्षणी आमनेसामने आणली. ‘कोर्ट’मध्ये चैतन्य ताम्हाणे सरकारी वकीलबाईंच्या मागं लोकलमधून त्यांच्या घरात जातात, स्वयंपाक दाखवतात, आणि सकाळी तीच बाई एका लोकशाहिराला तुरुंगातच ठेवा म्हणून युक्तिवाद करते. तिच्या वाईटपणाचा शोध घ्यायची गरजच उरत नाही.

ताम्हाणेंच्याच ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुन्हा लिहितो, पटकथेचा, आणि चित्रपट मराठी. शरद नेरुळकर नावाचा गायक वर्षानुवर्षं रियाज करतो, गुरुजींची सेवा करतो, रात्री मोकळ्या रस्त्यावर दुचाकी चालवत गुरुजींच्या गुरू माईंचं ध्वनिमुद्रित बोलणं ऐकतो (तो आवाज सुमित्रा भाव्यांचा, हे किती जणांच्या लक्षात आहे?), आणि त्याला ते साधत नाही. स्नायडरचे पंधरा टप्पे यात शोधत बसावे लागतात. तरीही प्रत्येक सीनमध्ये शरद कुणाला तरी काहीतरी देतोय आणि बदल्यात कमी मिळवतोय. याच संहितेवर एक दिवस घालवणारं शिबिर मला दाखवा, मी स्वतः फी भरून बसतो. २०२५ला सनडान्समध्ये परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेणाऱ्या रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चंही तेच. बापाच्या सुतकातले दहा दिवस, गावातली नातेवाईक मंडळी, लग्नाचा ससेमिरा आणि बालपणीचा मित्र. सुतकाचे नियमच कथानक चालवतात.

बाकीच्या प्रवाहांबद्दल थोडक्यात. ‘झिम्मा’नंतरच्या सहलपटांबद्दल एवढंच की सहली छान झाल्या. चरित्रपट म्हणजे पार्श्वसंगीत लावलेला विश्वकोश. मराठी वेबमालिका अजून हिंदीच्या उष्ट्यावर आहेत. परेश मोकाशी-मधुगंधा कुलकर्णींच्या ‘वाळवी’ला मात्र सलाम, विनोदाची बांधणी अशी असते.

‘मुळशी पॅटर्न’ला यात वेगळं काढायला हवं, कारण तो आमच्या शेजारच्या तालुक्यातून आला. प्रवीण तरडेंनी जमीन विकणाऱ्या पाटलाला धरलं. पहिल्या अर्ध्या तासात त्या घरातला पैसा कुठून आला आणि कुठं गेला हे दिसतं. मग कोयते निघाले आणि हिशेब बंद झाला. सलमान खाननं त्याचा ‘अंतिम’ केला तेव्हा उरलासुरला हिशेबही गेला. पण तरडेंनी वाट दाखवली होती. भोर-वेल्ह्यात आज तीच जमीन गुंठ्यानं जातेय. शंभरीला टेकलेलं भाटघर धरण भोरचं, त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-इंदापूरच्या उसाला. उन्हाळ्यात पाणी हटलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, आणि ते बघायला पुण्याहून गाड्या येतात. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ला, आणि पुण्यानं त्याची गोष्ट पुण्यातल्या पुराची म्हणून सांगितली. धरणाखाली वेल्ह्यातली ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं, हे अजून कुणाला पडद्यावर हवंसं वाटलेलं नाही. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचं नाव मिळालंय. चित्रपटवाल्यांना त्यातला किल्लाच तेवढा दिसतो.

अशा घरातलं एखादं पोर लिहायला बसतं तेव्हा त्याला सल्ला काय मिळतो? ‘आधी मालिकेत हात बसव.’ मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वाहिनीच्या बैठकीत सासूचं अपहरण ठरतं आणि रात्री पानं पाठवायची असतात. हात बसतो हे खरं, पण कशावर बसतो? दुसरा सल्ला, ‘ओळखी वाढव, नॅरेशन देत राहा.’ म्हणजे निर्मात्याच्या ऑफिसात तासभर फुकट अभिनय करायचा आणि ‘कल्पना आवडली, एक ड्राफ्ट करून आण’ ऐकून एसटीनं परत यायचं. कराराचं नाव काढलं की पोरगं ‘ॲटिट्यूडवालं’ ठरतं. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं संहितेची नोंदणी करता येते, हे शिबिराच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, झोपेच्या वेळी सांगतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला लिहूनसुद्धा देऊन टाकता येत नाही, हे तर सांगतच नाहीत. कसं सांगतील? शिकवणाऱ्यांतल्या काहींच्या स्वतःच्या कंपन्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ही शिबिरं वर्षभर बंद ठेवा. ज्याला शिकायचंय त्याला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, फिल्म अर्काइव्ह आहे, ‘सामना’ आहे. आणि निर्मात्यांनी शिवकाल करायचाच असेल तर खुशाल करावा, पण घोडेवाल्याला जसे दिवसाचे पैसे रोख देता तसे लेखकाला पहिल्या ड्राफ्टचे द्या, दुसऱ्याचे द्या, आणि हैबतराव शिळीमकर कान्होजींच्या दारात येतात तो सीन घोषणेशिवाय लिहून होईपर्यंत वाड्याची तारीख घेऊ नका.