आठ आवाज, की एकाच्या आठ प्रती?

चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८ वाजतो. या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये आठ आवाज, प्रत्येकाला दोन ऑसिलेटर. सुटे भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यात तापमानाची भर; म्हणून आठही आवाज किंचित वेगळे पडतात. ध्वनीतला भरीवपणा बराचसा त्यातूनच येतो.

सोलापुरात असं यंत्र हाताळायला कुठून मिळणार? सॉफ्टवेअर नक्कल हवीच. पण एका आवाजाचं मॉडेल करून आठ प्रती काढल्या, की तो फरकच गायब! मग ‘हुबेहूब’ कशाच्या आधारावर म्हणायचं?

मित्रांनो, आपल्या मॉडेललाही हेच लागू. सरासरी जुळली म्हणून थांबू नका, विचलनही जुळतंय का ते बघा. आणि खरं कोणतं, नक्कल कोणती हे न सांगता ऐकवा.