नांगराचा धडा राहिला

आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील सी भाषेचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे काम, ही त्यांची पद्धत आम्हांला फार आवडली.

उणीव आहे ती आरंभी. उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१ वापरल्याचे सांगून पहिला पाठ थेट प्रोग्रॅमकडे वळतो. जीसीसी, म्हणजे आपल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, संगणकात आहेच असे त्यात गृहीत धरले आहे. नव्याने बसवलेल्या उबुंटूत तो सहसा नसतो. मग ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर मिळते आणि शिक्षकाला वाटते, आपलेच काही चुकले.

कर्जत-खालापूरच्या शिक्षकांना भात आणि तांदूळ यांतला फरक सांगायला नको. तांदूळ शिजतो, पण पेरला तर उगवत नाही. कर्जतच्या संशोधन केंद्रात नवे वाण घडतात ते भातापासून. तयार प्रोग्रॅम तांदळासारखा, तर त्याचा मूळ मजकूर बियाण्याच्या भातासारखा. पण बियाणे असून नांगर नसेल तर?

उबुंटू किंवा डेबियनमध्ये ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एकच पॅकेज मागितले की जीसीसी, मेक आणि सी भाषेच्या हेडर फाइली एकदम येतात. इंटरनेट नसेल तिथे डेबियनच्या पहिल्या डीव्हीडीवरूनही ती बसवता येतात. एवढे सांगायला दहा मिनिटे पुरतात. तो पाठ मालिकेत सर्वांत आधी हवा. तोवर शिक्षकांनी वर्ग भरण्यापूर्वीच प्रत्येक संगणकावर ही अवजारे बसवून घ्यावीत.