तात्पर्य आणि मध्यवर्ती विचार

प्राथमिक वर्गांतील मराठीच्या अध्यापनात ‘तात्पर्य’ या शब्दाने जितका घोटाळा माजविला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही शब्दाने क्वचितच माजविला असेल. इसापनीतीच्या गोष्टीखाली तात्पर्य लिहावयाचे, हा परिपाठ आपल्या अंगी इतका मुरला आहे की इतिहासावरील उतारा समोर आला तरी विद्यार्थी, आणि खरे सांगावयाचे तर शिक्षकही, त्यातून उपदेशच शोधू लागतो. आम्हा इंदूरकरांच्या बाबतीत तर यात एक गमतीची भर पडते. हिंदीच्या तासाला गुरुजी विचारतात, या कथेपासून कोणती ‘शिक्षा’ मिळते. आणि घरी मराठी बोलणारे पोर क्षणभर हात मागे घेते.

उताऱ्याचा विषय, त्याचा मध्यवर्ती विचार आणि त्यावरून काढावयाचा बोध या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. विषय एका शब्दात सांगता येतो. मध्यवर्ती विचारास पूर्ण वाक्य लागते, आणि त्या वाक्याला उताऱ्यातील तपशिलांनी आधार द्यावा लागतो. बोध मात्र उतारा न वाचताही सांगता येतो. परीक्षेत तो सर्वांत लोकप्रिय का, हे येथे निराळे सांगावयास नको.

हा भेद मुलांस समजावून देण्यास नागरी हक्कांच्या इतिहासाइतके उत्तम साधन नाही, असे माझे मत झाले आहे. पलासियापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर महू आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. जयंतीची गर्दी आमच्या मुलांनी पाहिलेली असते. परंतु आंबेडकरांविषयी मुलांसाठी लिहिले जाणारे गद्य बहुधा विशेषणांनी इतके जडावलेले असते की त्यात घटना शोधावी लागते. ‘महामानव’, ‘युगपुरुष’ या शब्दांत खोटे काही नाही. पण विशेषणांतून विचार काढावयाचा कसा? नऊ-दहा वर्षांच्या मुलास विशेषण पाठ करता येते, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

म्हणून चौथीच्या वर्गासाठी महाडच्या चवदार तळ्यावर एक कोरडा उतारा मी स्वतःच तयार केला. त्यात इतकेच होते: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तेथे पाणी भरण्यास कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर व परिषदेस आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. तळे १०८ घागरी पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरातील सत्याग्रह न्यायालयाच्या मनाईमुळे तहकूब झाला, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

मध्यवर्ती विचार लिहा, असे सांगताच निम्म्या वर्गाने ‘पाणी’ लिहिले. तो विषय झाला. बहुतेक उरलेल्यांनी ‘सर्वांनी प्रेमाने राहावे’ असे लिहिले. एका मुलीचे वाक्य निराळे होते: ‘ठराव आधीच झाला होता, पण पिऊ देत नव्हते, म्हणून ते गेले.’ मी त्यास अर्धे गुण दिले. माझ्या आदर्श उत्तरात ‘समतेचा लढा’ हे शब्द होते आणि तिच्या उत्तरात नव्हते! त्या रात्री वह्या पुन्हा चाळताना ध्यानात आले की उताऱ्यातील प्रत्येक सनावळीला जागा देणारे वाक्य तिचेच होते, माझे नव्हते. १९२३ आणि १९२४ हे दोन आकडे गाळले तरी ‘समतेचा लढा’ टिकतो. तिचे वाक्य मात्र कोसळते. आधार म्हणतात तो हा. गुण दुसऱ्या दिवशी दुरुस्त केले.

‘प्रेमाने राहावे’ या उत्तराविषयी माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही व्यवसायबंधूंचे म्हणणे असे की कोवळ्या वयात कटुता नको, तेव्हा हेच उत्तर ग्राह्य धरावे. परंतु या वाक्यात अडविणारा कोण आणि अडविला गेलेला कोण हे दोघेही नाहीसे होतात, जणू दोन्ही पक्षांत केवळ अबोला होता. ही सौम्यता नव्हे. हे चुकीचे वाचन आहे. स्वतः आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ च्या भाषणात, हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपण समतेची प्रस्थापना करण्यास आलो आहोत, अशा आशयाचे स्पष्टीकरण केले आणि १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी महाडच्या सभेची तुलना केली. वक्त्याने आपला मध्यवर्ती विचार इतका उघड सांगितला असता आपण त्यावर सुभाषित का पसरावे?

पाचवीस याला जोडून अमेरिकेतील माँटगोमेरीचा उतारा देता येतो. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला आणि पुढे ३८१ दिवस बहिष्कार चालला. मुले ‘दमलेली बाई’ असे लिहितात. पार्क्सबाईंनी पुढे स्वतःच त्या समजुतीचा इन्कार केला आहे. तेथे नगराचा नियमच विरुद्ध होता, महाडास नगराचा ठराव अनुकूल होता. हा फरक जो विद्यार्थी दाखवितो त्यास दोन्ही उतारे समजले.

याहूनही मुलांजवळचे गद्य आपल्याकडे १८५५ पासून आहे. पुण्यातील फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती करते. निबंधाच्या शेवटी तात्पर्य छापावे असे त्यात काही नाही. विचार प्रश्नाच्या रूपाने आला आहे, आणि प्रश्नालाही मध्यवर्ती विचार मानावे काय, यावर आमच्या शिक्षक-बैठकीत अद्याप एकमत झालेले नाही. मी ‘मानावे’ या पक्षाचा आहे. पुढील सत्रात हा निबंध सहावीस लावून पाहणार आहे. आदर्श उत्तर मात्र या वेळी आधी लिहून ठेवणार नाही.