ब्रांकूश, कॉन्स्टंटीन

(१९ फेब्रुवारी १८७६—१६ मार्च १९५७). रूमानियात जन्मलेला व पॅरिसमध्ये कार्य केलेला थोर शिल्पकार. आधुनिक अप्रतिरूप शिल्पकलेचा एक प्रवर्तक. ऑल्टीनिया प्रदेशातील होबित्सा या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात जन्म. लहानपणी मेंढ्या राखून व पुढे क्रायोवा येथे चाकरी करून तो तेथील हस्तव्यवसाय विद्यालयात शिकला (१८९४–९८). बूखारेस्टच्या ललित कला विद्यालयातील शिक्षण संपल्यावर (१९०२) तो मायदेश सोडून निघाला व बराचसा प्रवास पायी करून १९०४ मध्ये पॅरिसला पोहोचला. १९०७ मध्ये त्याने रॉदँच्या कार्यशाळेत अल्पकाळ काम केले. परंतु थोराच्या छायेत आपली वाढ खुंटेल हे ओळखून तो लवकरच तेथून बाहेर पडला. त्यानंतरचे अर्धशतक त्याचे वास्तव्य पॅरिसमध्येच होते.

ब्रांकूश व त्याचा मायदेश यांच्या नात्याविषयी समीक्षकांत दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार तो मूलतः रूमानियन लोककलावंत असून पॅरिस हे त्याचे केवळ कामाचे ठिकाण होय; तर दुसऱ्या मतानुसार घनवाद व आफ्रिकी काष्ठशिल्पे यांच्या सान्निध्यात घडलेला तो पूर्णतः पॅरिसचा कलावंत होय. दोन्ही मते मुख्यतः आकृतिबंधांच्या साम्यावर उभी आहेत व म्हणूनच अपुरी आहेत. ‘माइआस्त्रा’ (१९१०) या शिल्पातील पक्षी रूमानियन लोककथांतून आला हे खरे. पण मायदेशाचा ठसा याहून खोलवर, वस्तू घडविण्याच्या व रचण्याच्या पद्धतीत उमटला आहे. ऑल्टीनियातील शेतकऱ्याचे घर लाकडी. त्याच्या ओसरीचे खांब खाचा पाडून, एकच आकार एकावर एक असा पुन्हापुन्हा कोरून घडविलेले असतात. कवाडाच्या चौकटीही भारदस्त व कोरीव असतात. पॅरिसच्या कार्यशाळेत ब्रांकूशने बाके, दगडी मेज व चूल स्वतःच्या हातांनी घडविली आणि ओकच्या जाड तुळयांतून शिल्पांच्या बैठका कोरल्या. घराचे हे घटक तेथे घरापासून सुटून स्वतंत्र झाले. ‘अनंत स्तंभ’ या शिल्पाचा ओकच्या लाकडातील पहिला आविष्कार १९१८ चा आहे. ओसरीच्या खांबावर छपराचा भार असतो. या स्तंभावर काहीच नाही, आणि त्यामुळेच एरवी मर्यादित राहणारी पुनरावृत्ती येथे कोठेही थांबण्याचे कारण उरत नाही.

सुटलेले हे घटक पुन्हा वास्तूच्या प्रमाणात एकत्र आले ते तिर्गू झ्यू येथे, त्याच्या जन्मगावाजवळच्या शहरात. १९१६ मध्ये झ्यू नदीकाठी जर्मन सैन्याशी लढताना पडलेल्यांचे स्मारक उभारण्याचे काम आरेतिया तातारेस्कू यांच्या नेतृत्वाखालील गॉर्झ जिल्ह्याच्या महिला संघटनेने त्याच्याकडे सोपविले. त्याने मानधन घेतले नाही. नदीकाठच्या उद्यानात बारा बैठकांनी वेढलेले वर्तुळाकार ‘मौनाचे मेज’, त्यापुढे ट्रॅव्हर्टीन दगडाचे ‘चुंबनाचे द्वार’, आणि तेथून शहराच्या रस्त्याने, संत पीटर व पॉल यांच्या चर्चवरून पुढे गेल्यावर दूर मोकळ्यावर ‘अनंत स्तंभ’ अशी ही योजना असून तिचे उद्‌घाटन २७ ऑक्टोबर १९३८ रोजी झाले. मेजापाशी उभे राहून स्तंभ दिसत नाही. चालत जाणे हा या स्मारकाचा आवश्यक भाग आहे. त्याचे छायाचित्र पाहून समाधान मानणाऱ्यास त्याचा निम्मा अर्थ कळत नाही. वीरांचे पुतळे, तलवारी, मृतांची नामावळी यांपैकी येथे काहीही नाही.

स्तंभाची उंची २९ मी.हून किंचित अधिक आहे. बिडाची पंधरा पूर्ण एकके व खाली आणि वर प्रत्येकी अर्धे एकक अशी त्याची रचना असून प्रत्येक पूर्ण एककाची उंची १८० सेंमी., कमाल रुंदी ९० सेंमी. व किमान रुंदी ४५ सेंमी. आहे. ही एकके पेत्रोशान येथील कारखान्यात ओतण्यात आली. श्टेफान जॉर्जेस्कू-गॉर्झान या अभियंत्याने आतून पोलादी कणा उभारला व त्यावर ती मण्यांसारखी ओवली. आधुनिक वास्तुकलेचे पुरस्कर्ते अलंकरण त्याज्य मानीत व रचनेचे सत्य बाहेर दिसावे असा आग्रह धरीत. हा स्तंभ त्यांना आपलासा वाटला. परंतु त्या आग्रहात तो बसत नाही. भार पेलणारा कणा येथे झाकलेला आहे, आणि जे दिसते ते ग्रामीण सुताराच्या खाचांचे म्हणजे अलंकरणाचेच रूप आहे. मात्र ते इतके मोठे व शुद्ध झाले आहे, की त्यास अलंकरण म्हणणे अशक्य व्हावे. द्वाराच्या बाबतीत हे साधलेले नाही. त्याच्या खांबांवरील दुभंगलेले वर्तुळ भव्य आहे. पण वरच्या तुळईवर ‘चुंबन’ या शिल्पाची रेषाकृती पुन्हापुन्हा खोदली आहे, ती लग्नाच्या पेटीवरील नक्षीसारखी पृष्ठभागावरच राहते.

उत्तरकालीन कलावंतांनी स्तंभाचा धागा निरनिराळ्या दिशांना नेला. १९२७ मध्ये त्याच्या हाताखाली काम केलेल्या इसामू नोगूचीने पुढे उद्याने व चौक यांच्या रचनेस शिल्पाचा दर्जा दिला, तर कार्ल आंद्रेने ‘लिव्हर’ (१९६६) मध्ये विटांची एक सरळ रांग रचून हाच स्तंभ जणू जमिनीवर आडवा केला.

वास्तू व शिल्प यांच्या एकीकरणाची ब्रांकूशची दुसरी मोठी योजना भारतातील होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (१९०८–६१) यांनी त्याची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे ब्राँझ, काळा संगमरवर व पांढरा संगमरवर अशा तिन्ही माध्यमांत घेतली होती. त्यांच्यासाठी ब्रांकूशने एका ध्यानमंदिराची कल्पना योजिली होती. एकेर्ट मुथेझिउसने बांधलेला माणिकबाग राजवाडा इंदुरात नुकताच झाला होता. आधुनिक वास्तुकला तेथे अपरिचित नव्हती. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताबाईंचे निधन झाले. त्यानंतर ब्रांकूश इंदूरला येऊन गेला, पण मंदिर झाले नाही. संगमरवरी पक्ष्यांची ती जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहाकडे गेली. एकाच वास्तूसाठी कल्पिलेली शिल्पे वास्तूविना राहिली, ही हानी इंदूरइतकीच वास्तुकलेचीही आहे.

मायदेशाने मात्र त्याला दीर्घकाळ अव्हेरले. १९५१ मध्ये रूमानियन अकादमीच्या बैठकीत त्याच्या कलेवर रूपवादी म्हणून टीका झाली. त्याच दशकात तिर्गू झ्यूचा स्तंभ पाडण्याचा स्थानिक अधिकाऱ्यांचा प्रयत्नही झाला, तो फसला. १९५२ मध्ये ब्रांकूशने फ्रेंच नागरिकत्व घेतले आणि आपली कार्यशाळा, आहे त्या मांडणीसह जतन करण्याच्या अटीवर, फ्रान्सला दिली. मूळ इमारत पुढे पाडण्यात आली. पाँपिदू केंद्रासमोर रेन्झो प्यानोने १९९७ मध्ये तिची पुनर्रचना केली. वस्तूंमधील अंतरे तीत काटेकोरपणे राखली होती, पण प्रेक्षक काचेबाहेर उभा राहत असे, आणि स्वतःच्या चुलीवर पाहुण्यांसाठी रांधणाऱ्या शिल्पकाराचे ते घर प्रदर्शनवस्तू बनले. तिर्गू झ्यूच्या स्तंभाची दुरुस्ती २००० मध्ये पूर्ण झाली. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात तेथील शिल्पसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला.