स्वामित्वहक्काची सूचना : कायदा आणि धाक

इंटरनेट सेवादात्यांनी रोखलेल्या संकेतस्थळांवर २०१६ साली झळकलेल्या सूचनेत चित्रपटाची बेकायदा प्रत नुसती पाहणेही गुन्हा ठरविले होते. ३ वर्षांपर्यंत कैद व ३ लाख रुपयांपर्यंत दंडाचा इशाराही होता. 'ढिशूम' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मात्र त्याच वर्षी स्पष्ट केले की, गुन्हा पाहण्यात नसून विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देण्यात आहे.

हा भेद अध्यापकांसही महत्त्वाचा ठरतो. नाशिकच्या कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यामुळे 'नटसम्राट'वर २०५९ अखेरपर्यंत स्वामित्वहक्क आहे. तथापि १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात त्यातील प्रवेशाची प्रत विद्यार्थ्यांना देणे हक्कभंग ठरत नाही. हक्काचे रक्षण आवश्यकच. परंतु गुन्हा आणि मुभा यांतील सीमारेषा पुसणारी सूचना कायद्याचे ज्ञान देत नाही, केवळ धाक घालते.